घरातील वडीलधाऱ्यांची शुश्रूषा
(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या विषयावर मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत तोंड उघडण्याचा सराव हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापुरताच. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचं भाषण आपण दर वर्षी ऐकतो. तू घरी रोज काय करतेस ते सांग." तेवढे मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी आहे. शेवटी मंडळापुढे एक मागणीही ठेवणार आहे, तेव्हा कृपा करून कोणी मध्येच चहाला उठू नये.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आज ८२ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांमागे त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. पुढे वर्षाभरात विसर पडू लागला. यजमानांची नोकरी फिरतीची, मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीत. थोरले दीर व जाऊबाई मुंबईला, वन्सं कोल्हापूरला. म्हणजे घरात दिवसभर आत्याबाई आणि मी. आपल्यापैकी अनेकींच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

पुष्कळ घरांत सगळ्याची सुरुवात पडण्याने होते. आणि माणूस पडते ते काही डोंगरावर नव्हे. पलंग आणि न्हाणी यांमधल्या दहा पावलांत, तेही रात्री. त्या दहा पावलांची काळजी आधी घ्यावी. आमच्याकडे न्हाणीत व शौचकुपात भिंतीला लोखंडी दांड्या बसवून घेतल्या. दोन्ही मिळून एका बऱ्या साडीएवढाही खर्च आला नाही. दारातले पायपुसणे काढून टाकले, कारण पाय अडकतो तो त्यातच. वाटेत रात्रभर झिरोचा दिवा असतो. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. पलंग इतपतच उंच की बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला टेकावीत. आंघोळ पाटावर नाही, पाठ असलेल्या खुर्चीवर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झोपेतून उठल्याबरोबर उभे राहू द्यायचे नाही. म्हातारपणी एकदम उठले की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसवावे, चार शब्द बोलावे, मग हात धरून उठवावे.

परंतु पडण्याच्या भीतीने माणसाला बसवून ठेवणे हे त्याहून वाईट. "आत्या, तुम्ही आता काही करू नका हो," असे आपण प्रेमाने म्हणतो. शेजारणीही वाखाणतात की सून कशी, सासूला काडी उचलू देत नाही. पण म्हातारे माणूस आठ दिवस अंथरुणाला लागले तरी पायांतले बळ भराभर उतरते, आणि गेलेले बळ परत यायला कितीतरी आठवडे लागतात. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीने आम्हांला एकच गोष्ट पक्की सांगितली: हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिच्यावरून धरून उठायचे आणि बसायचे, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी दोनदा जमले. दोन महिन्यांनी दहादा जमू लागले आणि वॉकर घेऊन आत्याबाई स्वतः तुळशीपर्यंत जाऊ लागल्या.

हातांनाही काम हवे. लसूण सोलणे, शेंगा निवडणे, वाती वळणे, तांदूळ पाहणे. आता विसर वाढल्यापासून त्या निवडलेले तांदूळ पुन्हा निवडतात. मी ताट पुढे ठेवते. तांदूळ त्यामुळे काही बिघडत नाहीत आणि तासभर त्या कामात असतात. घरात कोणी आले की सांगतात, "माझ्यावाचून हिचं काही चालत नाही." ते खरेच आहे असे मी म्हणते.

दुसरी गोष्ट पाण्याची. वय झाले की तहान लागलेली नीट कळत नाही. शिवाय पुष्कळ म्हाताऱ्या बायका मुद्दामच पाणी पीत नाहीत. रात्री उठावे लागेल, सूनबाईची झोपमोड होईल, कपडे ओले होतील, अशी भीती असते. ती त्या बोलून दाखवीत नाहीत. मग बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते, चक्कर येते आणि कधी कधी भ्रमही होतो. "पाणी हवं का?" असे विचारले तर उत्तर "नको" असेच येते. म्हणून विचारू नये, भांडे हातात द्यावे. मी सकाळी तांब्या भरून ठेवते व दिवेलागणीपर्यंत तो संपवायचा असे ठरवून घेतले आहे. ताक, पेज, वरणाचे पाणी हेही त्यात धरायचे. संध्याकाळनंतर मात्र हात आखडता घेतला तरी चालतो, म्हणजे रात्रीची उठबस कमी होते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांनी अर्थात तेच माप पाळावे.

भ्रमाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. गेल्या श्रावणात आत्याबाई दोन दिवसांत एकाएकी बदलल्या. दिवसा झोप, रात्रभर बडबड, चादरीवरून काहीतरी वेचल्यासारखी बोटे चालू, यजमानांना ओळखेनात. ताप नव्हता. पाहायला आलेल्या बायका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता वेळ जवळ आली. मुलीला बोलावून घे. दवाखान्यात नेऊन हाल करू नको." मी रिक्षा बोलावली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत बडबड कमी झाली आणि आठवड्यात आत्याबाई पूर्वीसारख्या झाल्या. त्यानंतर त्यांनी दिवाळीच्या करंज्यांना मुरड घातली आहे.

तेव्हा भगिनींनो, एवढे मनात पक्के धरा. विसर वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढत आला तर तो एक आजार आहे, त्याची रीत वेगळी. पण कालपर्यंत बरे असलेले माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागले किंवा गुंगीत गेले तर त्याला 'वय झाले' म्हणू नये. संसर्ग असतो, पाणी कमी पडलेले असते, शौचाला खडा धरलेला असतो, एखादी नवी गोळी सोसलेली नसते, मधुमेह असेल तर साखर उतरलेली असते. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येतोच असे नाही. आणि बोलणे बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तास न् तास घरी वाट पाहण्याचे कारणच नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे.

आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी. हा भाग ऐकायला चांगला वाटणार नाही, पण आपणच बोललो नाही तर कोण बोलणार? शस्त्रक्रियेनंतर आत्याबाई दहा दिवस एका दवाखान्यात होत्या. घरी आणल्यावर अंग पुसताना पाहते तो माकडहाडावर काळपट जखम. उताणे निजवून ठेवलेले, कूस कोणी बदललेली नाही आणि बदलावी असे आम्हांलाही कोणी सांगितले नव्हते. ती जखम भरायला तीन महिने लागले. हाड जुळायला लागला त्याहून जास्त त्रास त्यांना त्या जखमेने दिला. जखम धुवायला घरी येणाऱ्या परिचारिकेने मला जे शिकवले तेच सांगते.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही. पूर्ण कुशीवर नव्हे, पाठीमागे उशी लावून थोडे कलते, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहाव्यात. माणसाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचे नाही. ओढताना कातडे घासते आणि तिथेच फाटते. पलंगावर पाठीपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर घालून ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी तिची टोके धरून उचलून सरकवायचे. मेडिकलच्या दुकानात हवेची गादी मिळते, तिच्यातली हवा यंत्राने आलटून पालटून भरते. काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. तिचा उपयोग होतो, पण गादी आणली म्हणून कूस बदलणे सुटत नाही.

माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची हाडे व कोपरे रोज अंग पुसताना उजेडात पाहावीत. लाल डाग दिसला तर बोटाने दाबावा. दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजावी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तो भाग जांभळट दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. त्या जागी चोळायचे मात्र नाही. आपल्याकडे स्पिरिट लावून खसाखसा चोळण्याची व वर पावडर थापण्याची जुनी चाल आहे. आतले मांस आधीच चेंगरलेले असते, ते चोळण्याने जास्तच बिघडते. मध्ये भोक असलेली रबराची चकती बसायला देतात, तीही देऊ नये, कारण कडेने रक्त अडते. ओले राहू द्यायचे नाही. डायपर लावले तरी ते रात्रभराचे नसते, वेळेवर बदलावे लागते. आणि पोटात सकस अन्न हवे. दूध, डाळ, मऊ उसळ, चालत असेल त्यांना अंडे. नुसत्या चहा-बिस्किटावर जखम भरत नाही.

भरवताना एकच नियम: निजवून भरवायचे नाही. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळला की पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तसेच टेकवून बसवावे. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे; अन्न-पाणी श्वासाच्या नळीत जाऊन न्यूमोनिया होतो. कवळी रात्री काढून धुवावी. औषधांचे फार बोलत नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरापुढे ती पिशवी उपडी करावी, कारण दोन डॉक्टरांनी एकच गोळी दोन नावांनी दिलेली असते. झोपेची गोळी आणि दुखण्याची गोळी दुकानातून मनाने आणू नये. पहिलीने माणूस पडते, दुसरी मूत्रपिंडे खराब करते.

आता विसराविषयी. आत्याबाई विसरू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी लगेच आजाराचे नाव सांगितले नाही. आधी रक्त तपासले. थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी असले तरी विसर पडतो व तो औषधाने सुधारतो, विशेषतः आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ पाहूनच घ्यावे. कान तपासले, तर एका कानात मळाचा खडा. तो काढल्यावर निम्मे 'काय? काय?' बंद झाले. ऐकू येत नाही म्हणून उत्तर चुकते आणि आपण म्हणतो बुद्धी गेली. बोलताना समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. ओरडले की आपला चेहरा रागावलेला दिसतो, आणि शब्द विसरणाऱ्यालाही चेहरा बरोबर कळतो.

एवढे करूनही जो विसर राहिला तो राहिला. त्याचा हट्टाने प्रतिकार करून उपयोग नाही. आमचे मूळ घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना चांगले स्मरत असेल. थोरले दीर तेव्हा वर्षाचे होते. त्यांना पोटाशी धरून आत्याबाई अंधारात बाहेर पळाल्या आणि मागे घराची भिंत बसली. आता पुष्कळदा पहाटे चारच्या सुमारास त्या उठून बसतात व मला हाक मारतात, "पोराला घे, पोराला बाहेर घे." पहिल्या वेळी यजमान म्हणाले, "आई, अगं दादा आता साठीला आला. भूकंप होऊन किती वर्षं झाली!" त्यावर त्या अधिकच घाबरल्या. मी दिवा लावते, शेजारी बसते आणि सांगते, "आत्या, पोर बाहेर आहे, माझ्याजवळ आहे, सगळी सुखरूप आहेत." मग विचारतात, "गाई सोडल्या का?" मी म्हणते, "सोडल्या." थोडे पाणी पितात आणि निजतात. हे खोटे बोलणे आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत. त्या पहाटे त्यांनी जे वाचवले ते वाचले आहे, एवढेच मी त्यांना सांगते.

दिवसा मी त्यांना त्या काळाचेच विचारते. कोणत्या जात्यावर दळायच्या, लग्नात किती पंगती उठल्या. सकाळचे जेवण आठवत नाही, पण पंगतीत कोण रुसले होते ते बरोबर आठवते.

आता जे सांगायचे आहे ते जरा स्पष्ट सांगते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

मागच्या वर्षी मंडळाने 'आदर्श सून' म्हणून माझी ओटी भरली, शाल दिली. त्याचा मला मान आहे. पण घरी जाऊन शाल कपाटात ठेवली आणि मनात आले, की हे आदर्शाचे काम नाही, हे नुसते काम आहे. दोन-दोन तासांनी रात्री उठणे, कूस बदलणे, ओले कपडे, जखम, औषधे. नर्सबाई ते शिकून करते, पाळी संपली की घरी जाते आणि पगार घेते. आपल्याकडे ते एका बाईने न शिकता करायचे, पाळी कधी संपायची नाही आणि कोणी कौतुक केले की ओशाळून हसायचे. थकली म्हणाली तर ती वाईट सून. मग ती थकल्याचे सांगतच नाही. थकलेली बाई चिडते, आणि तिची चीड त्या म्हाताऱ्या माणसावरच निघते. बंद दाराआड हे होत असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. सत्तरीवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरची. ७५ वर्षांवरील लोकांना एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत झाला. आत्याबाईंना गाडीची पायरी चढवत नाही, तो भाग वेगळा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे, तो लिहून घ्या. आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. मुले पाहत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करता येतो. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी तो मला वाचून दाखवला. त्यात अपत्य म्हणजे कोण, तर मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचे नाव त्यात नाही. मला मोठी गंमत वाटली. कायद्यात जिचे नाव नाही, तिच्याच हातात भांडे!

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की मुलांना हे काम शिकवा. आडवी चादर धरून सरकवणे यजमान एका दिवसात शिकले. माझा मुलगा आजीची नखे काढतो, रविवारी तिचे केस विंचरतो. जिथे सासरे अंथरुणाला आहेत तिथे तर मुलानेच पुढे व्हायला हवे. सुनेने अंग पुसायचे म्हटले की त्या पुरुषमाणसाला मेल्याहून मेल्यासारखे होते. लाजेपायी ते कपडे ओले झाल्याचे सांगत नाहीत, आणि जखमा होतात त्या तिथेच.

दुसरे सांगणे मंडळाला. गेल्या माघात माझ्या आईला माहेरी अर्धांगाचा झटका आला. फोन आला तेव्हा यजमान परगावी. आत्याबाईंना एकटे टाकता येईना आणि आईकडे गेल्यावाचून राहवेना. मी दारात पिशवी घेऊन उभी. समोरच्या काकू आपल्याच मंडळातल्या, नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, विणकामाची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू जा. मला काय करायचं ते सांग, आणि जा." चार दिवस त्या येत राहिल्या, रात्री मुलगी होती. आईची आणि माझी भेट झाली. ती मला ओळखत होती. पाचव्या दिवशी ती गेली. काकू आल्या नसत्या तर ती भेट झाली नसती.

काकूंनी जे चार दिवस केले ते गावोगाव नेमाने चालते असे एक राज्य आपल्याच देशात आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली असाध्य दुखण्याच्या माणसांसाठी एक संस्था निघाली आणि पुढे मलप्पुरम वगैरे भागांत शेजारपाजारची साधी माणसेच या कामात उतरली. आठवड्यातून निदान दोन तास द्यायचे, थोडे शिक्षण घ्यायचे आणि अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जायचे. बरोबर परिचारिका असते, गरज पडली तर डॉक्टर. २००८ साली तिथल्या सरकारने हे काम आपल्या धोरणात घेतले. ते लोक काही फार श्रीमंत किंवा फार शिकलेले नव्हते. दोन तास प्रत्येकाकडे निघाले, एवढेच.

माझी मागणी अशी. आपल्या सभासदांपैकी अकरा घरांत अंथरुणाला खिळलेले किंवा विसर पडलेले माणूस आहे. मी चिटणीसबाईंबरोबर बसून यादी केली आहे. त्या प्रत्येक घरी आठवड्यातून एक दिवस, दुपारी ३ ते ५, मंडळाच्या दोघींनी जाऊन बसावे. दोघी अशासाठी, की एकीला संकोच वाटतो. माणसाला उचलायचे नाही, औषध द्यायचे नाही, घरचे काम करायचे नाही. फक्त जवळ बसावे, बोलावे, बसवून पाणी द्यावे, आणि काही वेगळे दिसले तर फोन करावा. ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकाताई दोन रविवार येऊन शिकवायला तयार आहेत.

त्या घरात जे पाहिले ते त्या घरातच ठेवायचे. हे मी मुद्दाम सांगते. घरात वास येतो, पसारा असतो, म्हातारे माणूस कधी शिव्या देते, कधी "सून जेवायला देत नाही" असे जेवून उठल्यावर सांगते. त्या लाजेनेच आपण दारे लावून घेतो. हळदीकुंकवात ते बोलले गेले तर दुसऱ्या आठवड्यात कोणी दार उघडणार नाही.

आणि आज इथे पुढच्या रांगेत ज्या आजी बसल्या आहेत त्यांनाही विनंती आहे. तुम्ही नुसत्या घेणाऱ्या नाही. ज्यांचे पाय चालतात त्यांनी पाळीत नाव द्यावे. आत्याबाईंशी जात्याच्या आणि पंगतीच्या गोष्टी जितक्या चांगल्या तुम्ही बोलाल, तितक्या चाळीशीच्या आम्ही बोलू शकणार नाही.

वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन आणि सोयीचा वार लिहावा. पहिल्या पाळ्या येत्या मंगळवारपासून सुरू करू. ज्यांच्या घरी पाळीच्या बायका येतील त्यांनी त्यांच्यासाठी पोहे, चहा करीत बसू नये. ते दोन तास घराबाहेर पडावे, नाहीतर दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावे.